पाऊल चवथीची वाट बघत नाही

अर्धांगवायूनंतर पाऊल उचलत नाही, ही तक्रार पावसाळ्यात हमखास येते. शेवाळलेल्या पायरीवर कोणीतरी घसरले, की घरच्यांना त्या पावलाची आठवण होते. वाचकांची काही पत्रे आणि त्यांना उत्तरे:

काठी कुठल्या हातात धरावी? (पेडणे)
चांगल्या हातात. उंची मापून घ्या.

आईला झटका येऊन महिना झाला. उजवे पाऊल लोंबते. सध्या दोन वेळा तेलमालीश चालू आहे. ताकद आली की गणेशचवथीनंतर व्यायाम सुरू करू म्हणतो. (साखळी)
चवथीनंतर कशाला? झटका मेंदूला बसलाय. नडगीवरचा जो स्नायू पाऊल वर उचलतो, त्याला हुकूमच पोचत नाही, म्हणून पाऊल लोंबते. पोटरी मात्र दिवसेंदिवस ताठरते, टाच वर ओढली जाते, पाऊल आत वळते. माणूस अंथरुणावरच राहिला तर पोटरी आखडते, आणि मग पुढे ताकद आली तरी टाच जमिनीला लागत नाही. मालिशीने बरे वाटते, नाही कोण म्हणतो? पण तेल मेंदूपर्यंत जात नाही. सुधारणा सर्वांत वेगाने होते ती पहिल्या तीन महिन्यांत. त्यातला एक तुम्ही तेलात घालवलात. ताकद आल्यावर उभे करू, हे गणितच उलटे आहे. उभे राहून, पुन्हा पुन्हा पाऊल टाकूनच मेंदू शिकतो. डॉक्टरांना विचारून याच आठवड्यात फिजिओथेरपी सुरू करा. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जाणे लांब पडत असेल तर जवळच्या इस्पितळात चौकशी करा. आईला आधाराने उभे केल्यावर वाकून बघा: टाचेखालून कागद सरकला तर टाच टेकलेली नाही. आणि उठवताना लुळा हात धरून ओढू नका, खांद्याला कायमचे दुखणे लागते.

पाय थरथरवणारे ‘पॅरालिसिस मशीन’ ऑनलाइन मागवले. किती वेळ लावावे? (फोंडा)
परत घेत असतील तर परत करा. पाऊल उचलायच्या नेमक्या क्षणी गुडघ्याखालच्या नसेला विजेचा हलका झटका देणारे यंत्र वेगळे. त्याचा काहींना खरोखर उपयोग होतो, पण पेसमेकर असलेल्याला ते परस्पर लावायचे नसते. तपासणीआधी खरेदी नको.

वडिलांना मधुमेह आहे. दुकानातून पाऊल उचलून धरणारा तयार स्प्लिंट आणला, घोट्याजवळ लाल झालेय. (डिचोली)
आजच काढून ठेवा. पायाची जाणीव कमी असेल तर जखम होईपर्यंत त्यांना कळणारही नाही. 20 मिनिटांत लाली गेली नाही तर डॉक्टरांना दाखवा. स्प्लिंट माप घेऊन करतात, आणि तो पट्ट्याच्या बुटात घालायचा; रबरी चपलेत नव्हे.

दीड वर्ष झाले. आता व्यायामाचा उपयोग होईल? कालपासून पाय अचानक जास्तच ओढतोय. (म्हापसा)
पहिल्याचे उत्तर: होतो, सावकाश. दुसरे पत्रात लिहायचे नव्हतेच. अचानक पाय ओढला, तोंड वाकडे झाले, बोबडी वळली तर लगेच 108. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. अजून दाखवले नसेल तर आत्ता न्या.