शेवाळ स्क्रबरला कोणते एलईडी लावावेत आणि ते थंड कसे ठेवावेत?

तुमची टाकी 200 लिटरची, खाऱ्या पाण्याची. खाली संपमध्ये (टाकीचं पाणी गाळणाऱ्या छोट्या टाकीत) 10 बाय 15 सेंटिमीटरची जाळी टांगून तिच्यावरून पाणी सोडणार आहात, म्हणजे उजेडात तिच्यावर शेवाळ वाढेल आणि पाण्यातली घाण शोषून घेईल. हाच शेवाळ स्क्रबर. 50 वॉटचा फ्लडलाइट घ्यावा की 3 वॉटचे सुटे लाल एलईडी, आणि हीटसिंकला (एलईडीची उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या ठोकळ्याला) पंखा लागेल का, हे तुम्ही विचारलंय. टाकी हॉलमध्ये आहे, घरच्यांना घरघर चालणार नाही, असंही म्हटलंय.

सुटे लाल घ्या, निम्म्या करंटवर चालवा, पंख्याची गरज बहुधा पडणार नाही. मी आधी नेमकं याच्या उलट केलं होतं.

पुण्यात पहिला स्क्रबर बनवला तेव्हा तपकीर गल्लीतून सहा लाल एलईडी आणि 700 मिलिॲम्पियरचा ड्रायव्हर (एलईडीला ठरावीक करंट देणारं सर्किट) आणला. हीटसिंक म्हणून स्लायडिंग खिडकीच्या ॲल्युमिनियम पट्टीचा तुकडा. खारं पाणी उडायला नको म्हणून सगळा संसार पोळ्यांच्या जुन्या प्लास्टिक डब्यात बंद केला आणि स्वतःवर खूश झालो. मार्च निभावला. मे महिन्यात एका रात्री स्क्रबर काळोखात. डबा उघडला तर झाकण वाकलेलं, एक एलईडी करपलेला, आणि सगळे एकाच माळेत जोडलेले असल्यामुळे बाकीचे पाच धडधाकट असूनही बंद. त्याहून खटकलं ते जाळीचं: कडेला हिरवंगार केसाळ शेवाळ आणि मधोमध, एलईडीच्या बरोबर समोर, पिवळट रबरी चकती. म्हणजे तिथे उजेड शेवाळाला पचत नव्हता. जास्तीचे वॉट मी एलईडी भाजायला आणि शेवाळ विटवायला खर्च करत होतो.

म्हणून आधी जाळीचं गणित. टाकी किती लिटरची यापेक्षा तुम्ही रोज किती खाऊ घालता यावर जाळी ठरते. दोन्ही बाजूंनी उजेड असेल तर फ्रोझन खाद्याच्या रोजच्या एका क्यूबला साधारण 75 चौरस सेंटिमीटर जाळी, असा छंदातल्या लोकांचा ठोकताळा आहे. तुमची 150 ची, म्हणजे दोन क्यूबची. पाणी दर इंच रुंदीला ताशी 130 लिटरच्या आसपास. तुमच्या चार इंचांना 500-550 लिटर प्रत्यक्ष पडायला हवं. पंपाच्या खोक्यावरचा आकडा धरू नका, उंचीवर चढवताना तो घटतो. प्रवाह कमी असेल तर कितीही चांगला दिवा लावा, तीच पिवळी चकती येईल.

आता दिवे. हिरव्या शेवाळातलं क्लोरोफिल लाल आणि निळा प्रकाश खातं. 660 नॅनोमीटर तरंगलांबीचा गडद लाल मुख्य ठेवा, जोडीला थोडा 450 चा निळा. दुकानदार 620-630 चा साधा लाल पुढे करेल आणि ‘हा जास्त ब्राइट आहे’ म्हणेल. खरंच दिसतो, कारण आपला डोळा 555 नॅनोमीटरच्या हिरव्याला जेवढी दाद देतो त्याच्या सुमारे 6 टक्केच 660 ला देतो. त्यामुळे 660 मिणमिणता वाटतो आणि त्याचे ल्यूमेन (आपल्या डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाचं माप) वाचून काही कळत नाही. शेवाळाला आपले डोळे नाहीत.

‘3 वॉट’ हा शब्दही सैल आहे. लाल एलईडीवर साधारण 2.2 व्होल्ट पडतात. 700 मिलिॲम्पियरला गुणाकार करा: दीड वॉट. 350 ला पाऊण वॉट. निळा 3 व्होल्टच्या आसपास घेतो, तो एक वॉट धरा. जाळीच्या एका बाजूला सहा लाल आणि एक निळा, 350 वर, म्हणजे एकूण साडेपाच वॉट. त्यातला निम्मा-अर्धा उजेड होऊन जातो, उरलेली तीनेक वॉट उष्णता हीटसिंकला सांभाळायची. तेच 700 वर चालवलंत तर वीज दुपटीहून जास्त लागते पण उजेड दुप्पट होत नाही, कारण करंट वाढला आणि चिप तापली की एलईडीची कार्यक्षमता घसरते. त्यातही लाल निळ्यापेक्षा लवकर मान टाकतो. एलईडी थंड ठेवायचा सगळ्यात स्वस्त उपाय हाच, उष्णता मुळात कमी तयार करायची. करंट निम्मा करून उजेड अपुरा वाटला तर दोन एलईडी वाढवा, करंट नको.

फ्लडलाइटबद्दल. पिवळसर पांढऱ्या, 3000 केल्विनच्या फ्लडलाइटवरही शेवाळ उगवतं, पण 50 वॉट एवढ्याशा जाळीला भलतेच. शिवाय स्वस्त फ्लडलाइटमध्ये वेगळा ड्रायव्हर नसतो. 230 व्होल्ट थेट एलईडीच्या प्लेटवरच्या सर्किटला जातात. काचेच्या कडेचं सील गेलं आणि आत मिठाचं पाणी शिरलं की काय होईल ते सांगायला नको. संपपाशी मी मेन्सची वायर येऊच देत नाही. 24 व्होल्टचा अडॅप्टर लांब, उंचावर, आणि पुढे कॉन्स्टंट करंटचा छोटा डीसी ड्रायव्हर. मी मीनवेलचा एलडीडी-350एच वापरतो, प्रत्येक बाजूला एक. तुमच्या सात एलईडींची माळ 16-17 व्होल्टची होते, 24 मध्ये आरामात बसते. आणि घरात 30 मिलिॲम्पियरचं आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नसेल तर स्क्रबरच्या आधी ते बसवा.

हीटसिंक नवा घेऊ नका. रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा, जुन्या ॲम्प्लिफायरचा पात्यापात्यांचा ॲल्युमिनियमचा ठोकळा वजनावर मिळतो. तुमच्या गावात भंगारवाला असेलच. बसवताना पाती उभी ठेवा, म्हणजे गरम हवा आपोआप वर निघून जाते. आडवी ठेवलीत तर ती पात्यांतच अडकून बसते. थर्मल पेस्ट भाकरीला तूप लावतो तशी नाही, नुसता हात फिरवल्यासारखी. तिचं काम दोन धातूंमधल्या बारीक फटी भरायचं, जाड थर उलट अडथळा होतो. स्टार प्लेट (एलईडी ज्या छोट्या धातूच्या चकतीवर बसवलेला येतो ती) चिकटवण्यापेक्षा स्क्रूने आवळा, बदलायची वेळ आली तर दुवा द्याल. आवळल्यावर मल्टिमीटरने सोल्डरचे टोक आणि हीटसिंक यांच्यात बीप येतो का बघा. बीप आला तर कुठेतरी शॉर्ट आहे, वीज लावू नका.

तापमान मोजायला बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर चकचकीत ॲल्युमिनियमवर रोखू नका, तो खूप कमी दाखवतो. काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि टेपवर मोजा. बाहेर 35 अंश असताना 50 पर्यंत दिसलं तर निश्चिंत राहा. थर्मामीटर नसेल तर वीज बंद करून बोट टेकवा. पाच सेकंद सुखाने टेकवता आलं तर चालेल.

माझ्यासारखा डबा करू नका. दिवे आणि जाळी यांच्यामध्ये ॲक्रिलिकची पारदर्शक पाटी उभी करा, हीटसिंकची पाठ उघड्या हवेत राहू द्या. मीठ ॲल्युमिनियमला खातं, पात्यांवर पांढरी भुकटी दिसू लागली की समजायचं तुषार तिथवर पोचताहेत. पाटीवरही मिठाचा थर चढतो, तेव्हा आठवड्याला जाळी खरवडाल तेव्हा पाटी गोड्या पाण्याने पुसून घ्या.

दिवे रात्री लावा. टाकीचे दिवे बंद असताना स्क्रबर चालला की रात्रीचा पीएच कमी घसरतो, आणि विदर्भ-मराठवाड्यात राहत असाल तर दुपारच्या 44 ऐवजी हीटसिंकला रात्रीची हवा मिळते. नव्या जाळीला पहिले दोन आठवडे नऊ-दहा तास पुरेत, हिरवं धरल्यावर चौदा-सोळापर्यंत न्या. जाळी काळी-तपकिरी, बुळबुळीत राहिली तर उजेड कमी आहे, तास वाढवा. पिवळट झाली तर कमी करा.

इतकं करूनही एप्रिल-मेत हीटसिंक 60 कडे जाऊ लागलाच, तर कॉम्प्युटरचा 12 व्होल्टचा 80 मिलिमीटरचा पंखा 7-9 व्होल्टवर लावा. त्या वेगाला हॉलमध्ये कानाला कळणारही नाही. फक्त तो खोलीकडची कोरडी हवा पात्यांवर मारेल असा बसवा. संपकडून ओढणारा बसवलात तर दमट खारी हवा त्याच्याच बेअरिंगमध्ये जाते, आणि तुमच्या घरच्यांना नको असलेली घरघर मग नक्की सुरू होते.