माझा साडेचार वर्षांचा मुलगा वही बघितली की पळतो, दिवसभर जेसीबी आणि गाड्या घेऊन बसतो. त्याला लिहायला-वाचायला कसं शिकवू?

ताई, आधी एक सांगा, तो जेसीबी घेऊन मातीत बसतो तो किती वेळ बसतो? अर्धा तास, तास? मग तो बसतोय की! वहीपुढं बसत नाही एवढंच.

मी कोल्हापुरात बालवाडीत शिकवते, चौदा वर्षं झाली. एवढं असून स्वतःच्या पोरीच्या वेळी माती खाल्ली. तिच्या शाळेतनं रोज दोन पानं 'अ' गिरवून आणायचा अभ्यास असायचा, मी भाकऱ्या थापत असायचे आणि ती शेजारी पाटावर वही घेऊन, एकदा तिनं 'अ' आरशात दिसावा तसा उलटा काढला आणि मी पिठाच्या हातानंच तिला चापट मारली. दुसऱ्या दिवसापासनं दप्तर उघडलं की हिच्या पोटात दुखायचं. मग एके दिवशी वही ठेवली वर, परातीत मूठभर पीठ पसरलं आणि गप्प भाकरी करत बसले, तर ती आपसूक बोटानं त्यात काय काय काढायला लागली. चुकलं की हात फिरवायचा, पुसलं! खोडरबर नाही, लाल पेन नाही. ह्या वयात मनगटातली हाडं अजून पुरती तयार नसतात, पेन्सिल पेलत नाही आणि सहा-सात वर्षांपर्यंत पोरं अक्षरं उलटी काढतातच, हे सगळं मला पाठ होतं, पण घरात आई झाले की बाई विसरते.

तर तुमच्या पोराचं. लिहिणं सोडा, आधी कानापासनं सुरू करा. त्याचीच खेळणी एका पिशवीत घाला, बस, ससा, मगर, बदक, आणि हात घालून एक काढायला लावा. "बस. काय आलं पहिल्यांदा? ब." बास. टाळ्या वाजवून शब्द तोडायचा, म-ग-र तीन टाळ्या, स-सा दोन. सुरुवातीला बस, मगर असे साधे शब्द घ्या, बैल नको कारण त्याला तिथं 'बै' ऐकू येतं आणि ते बरोबरच आहे त्याचं. बाजारातल्या तक्त्यांवर 'ण बाणाचा' असतं ना, आमच्या वर्गात एकानं मला खडसावलं होतं, "बाई, बाण ब नं होतोय." काय बोलणार त्याला.

मग अक्षरं. अ आ इ ई पासनं ज्ञ पर्यंत ओळीनं जायचं काही कारण नाही. ग म भ न हा जुना क्रम चांगला आहे, आकार एकमेकांसारखे आहेत म्हणून हात लवकर बसतो. फक्त भ आणि म एकाच दिवशी देऊ नका, घोटाळा होतो, घ आणि ध चं पण तसंच. मी ग, म, न घेते आणि त्यात र घालते, की लगेच नगर, मगर, गरम वाचता येतं. चार अक्षरांत पोरगं 'वाचलं' म्हणून उड्या मारतंय, अजून काय पाहिजे.

आता खेळ. फरशीवर खडूनं चार चौकोन आखा, प्रत्येकात एक अक्षर, हे झालं पार्किंग. "केएमटीची बस ग मध्ये लाव, जेसीबी न मध्ये." नंतर तो तुम्हाला सांगेल आणि तुम्ही मुद्दाम चुकीच्या जागी लावायची. आमच्या वर्गात ह्याच्यावरनं मारामारी होते, एवढं आवडतं. अक्षर बोटाला कळायला हार्डवेअरच्या दुकानातनं खरखरीत पॉलिश पेपर आणा, अक्षर कापून पुठ्ठ्यावर चिकटवा, तो बोट फिरवेल. ही युक्ती इटलीच्या मारिया मॉन्टेसरी बाईंची, रोममध्ये 1907 मध्ये त्यांची पहिली शाळा सुरू झाली. आपल्याकडं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरकडच्या बोर्डी-कोसबाडला शिंपले, बिया, पानं घेऊन शिकवलं, तेव्हा महागडा किट नाही म्हणून कोण अडत नाही. चिंचोके घ्या.

आणि माती! बेंदराला मातीचे बैल आणता की नाही? तसलीच माती कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत नाहीतर बापट कॅम्पात मागा, त्याचे साप वळायचे आणि सापाचा ग करायचा. काना म्हणजे आइस्क्रीमची काडी, न ला काडी लावली की ना, दोन न ला एकेक लावली की नाना. मामा, नाना, सगळे नातेवाईक तयार, वर नाग पण. वेलांटीत मात्र दुसरी आधी घ्या, मामी, काकी. पहिली वेलांटी लई छळते, कारण 'कि' म्हणताना क आधी ऐकू येतो आणि कागदावर वेलांटी आधी दिसते. ती सगळ्यात शेवटी.

जाता-येता बसच्या पाट्या दाखवा. माझ्या भाच्यानं आयुष्यात पहिला वाचलेला शब्द 'रंकाळा', अनुस्वार-बिनुस्वार काही न शिकता.

शाळेच्या गृहपाठाचं म्हणाल तर बाईंना सरळ सांगा, दोन पानांतली चार अक्षरंच काढेल. बाकीचं कोरं राहू दे, तुम्ही त्याचा हात धरून भरू नका, ते आम्हाला लगेच ओळखू येतं.