समुद्री रीफ टाकी सुरू करताना लाइव्ह रॉक घ्यावा की ड्राय रॉक? कोकणातून आणलेला दगड चालेल का?

ड्राय रॉक घ्या, म्हणजे जीव नसलेला कोरडा दगड; लाइव्ह रॉक म्हणजे समुद्रातून जीवांसकट काढलेला. कोकणच्या समुद्रातून काहीही उचलून आणू नका. प्रश्नाचा दुसरा भाग वाचला म्हणूनच लिहायला बसले आहे.

2015 ची गोष्ट. डोंबिवलीत आमच्या हॉलमध्ये तीन फुटी टाकी होती, साधारण 190 लिटरची. सात-आठ किलो ड्राय रॉक, दोन क्लाउनफिश, काही गोगलगाई. तीन महिने सगळं छान चाललं होतं. गणपतीनंतर मालवणचा माझा मामेभाऊ आला तो थर्माकोलची पेटी घेऊन. मला वाटलं सुरमई असेल. उघडली तर ओल्या गोणपाटात गुंडाळलेला आठेक किलो दगड, जांभळट, छिद्राछिद्रांचा, त्यावर केशरी स्पंज. "तुझो तो दुकानातलो खडू फेकून दे," म्हणाला. लहानपणापासून बुड्या मारणारा माणूस, माझ्यासाठी तळातून काढून एवढ्या लांब घेऊन आला होता. मला नाही म्हणवलं नाही. दगड टाकीत गेला.

रात्रभराच्या एसटीच्या प्रवासात त्यावरचं बहुतेक सगळं मेलं होतं. स्पंजला हवा लागली की तो आतून कुजायला लागतो. दुसऱ्या रात्री हॉलमध्ये कुजक्या अंड्यांचा वास. तिसऱ्या दिवशी अमोनियाची टेस्ट केली, नळी गडद हिरवी, म्हणजे माशांना घातक इतका अमोनिया. मासे वर येऊन धापा टाकत होते. होतं नव्हतं तेवढं मिठाचं पाणी, 80 लिटर, बदललं. एक क्लाउनफिश संध्याकाळी गेला, दुसरा पहाटे. आणि रात्री काचेजवळून टक टक आवाज यायला लागला. दगडात एक मॅन्टिस श्रिम्प, ठोसे मारून कवच फोडणारा कोळंबीसारखा प्राणी, जगला होता. त्याने आठवड्याभरात गोगलगाई फोडून खाल्ल्या.

वाचायला मी त्यानंतर घेतलं, जे आधी घ्यायला हवं होतं. दगडासारखा सांगाडा बांधणारे सगळे प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, जिथे वाघ आहे तिथेच. मालवणला तर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. मामेभावाला, म्हणजे दादाला, फोन करून हे सांगितलं तर म्हणाला, "मेललोच दगड मां तो! कोणाचा काय गेला?"

तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. आज देते. प्रवाळाची पिल्लं पाण्यात वाहत येतात आणि बसायला कडक जागा शोधतात. ती जागा म्हणजे हाच मेलेला सांगाडा. त्याच्या भोकांत खेकडे राहतात, माशांची पिल्लं लपतात. तो उचलला म्हणजे पुढच्या पिढीच्या पायाखालची जमीन काढली. आणि माझ्या टाकीत तो तीन दिवसांत कुजला.

दोन वर्षं दादा माझ्याशी बोलला नाही. मग एका लग्नात भेटला तेव्हा पहिलंच वाक्य, "तुझो ड्राय रॉक खंयसून येता? तोय कोणीतरी खणलोच मां?"

यात तथ्य आहे, आणि हे तुम्हालाही सांगायला हवं. बाजारातला बराचसा ड्राय रॉक जमिनीवर राहिलेल्या जुन्या रीफमधून खणलेला असतो. म्हणून दुसऱ्या टाकीला मी माणसाने बनवलेला, सिमेंटचा रॉक घेतला. 12 किलो पुरला. किलोवर जाऊ नका, हातात घेऊन बघा. आकाराच्या मानाने हलका लागला तर आत पोकळी जास्त, जिवाणूंना जागा जास्त.

सोपं मात्र नाही. ड्राय रॉकमधून शेवाळ वाढवणारं फॉस्फेट सुटतं, आधी काही आठवडे बादलीत भिजवून पाणी तपासा. पहिले तीन-चार महिने तपकिरी शेवाळाचे जातात, घाबरून रसायनं ओतू नका. मासे आणण्याआधी, अमोनिया खाणारे जिवाणू वाढावेत म्हणून अमोनियम क्लोराइडने टाकीतला अमोनिया 2 पीपीएमवर (लिटरमागे सुमारे 2 मिलिग्रॅम) न्या. 24 तासांत अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की मासा आणा, त्याला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. जुन्या टाकीवाल्या ओळखीच्या माणसाकडून मूठभर रॉक मिळाला तर काम लवकर होतं, पण आधी त्यात एप्टेशिया, म्हणजे टाकीभर पसरणारं उपद्रवी समुद्रफूल, नाही ना ते बघा. रॉक थेट काचेवर रचा, वाळू नंतर. नाहीतर मासे खाली उकरतात आणि ढीग कोसळतो. आणि कोणी जांभा चालेल म्हणालं तर ऐकू नका, त्यात लोह भरलेलं असतं.

दुकानदार लाइव्ह रॉक म्हणून काही दाखवत असेल तर आयातीची कागदपत्रं मागा. नसतील तर उठा.

सिमेंटच्या त्या रॉकवर दीड वर्षात जांभळं कोरलाइन शेवाळ (दगडाला चिकटणारं कडक शेवाळ) चढलं, कडेने छोटे पांढरे स्पंजही आले. गेल्या मे महिन्यात दादाला फोटो पाठवला. त्याचा लगेच उलट निरोप आला, "ह्यो खंयच्या पाण्यातलो?"