नवे रोटर टाकूनही ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं, काय करू?

तुम्ही लिहिलंय की छोट्या हॅचबॅकचे पुढचे रोटर (म्हणजे आपण ज्यांना ब्रेकच्या डिस्क म्हणतो ते) आणि त्यांना दाबणारे पॅड बदलले, सुरुवातीला ब्रेक छान लागत होते, पण पाच-सहा हजार किलोमीटर झाल्यावर वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायला लागलं. मेकॅनिक म्हणतो रोटर वाकले, पुन्हा नवे टाका. टाकावेत का, आणि पुढे त्यांची निगा कशी राखायची?

रोटर बदलावे लागतीलही, पण हब (रोटर आणि चाक ज्यावर बसतात तो फिरणारा भाग) साफ केल्याशिवाय बदलू नका. नाहीतर आणखी पाच-सहा हजार किलोमीटरनंतर तुम्ही पुन्हा इथेच असाल. माझ्या स्वतःच्या गाडीत तंतोतंत हेच झालं होतं, म्हणून इतक्या ठामपणे सांगतोय.

रोटर बिडाचा असतो. रोजच्या वापरात तो तापून वाकडा होणं फार क्वचित घडतं. घडतं ते वेगळंच. रोटर हबवर टेकतो आणि चाकाचे नट त्याला तिथे दाबून धरतात. हबच्या तोंडावर गंजाचा पोपडा राहिला की रोटर किंचित तिरका बसतो. हबची थाळी १३० मिलिमीटरची आणि रोटर २४० मिलिमीटरचा धरा. थाळीच्या कडेला ०.०५ मिलिमीटर गंज असला तर रोटरच्या बाहेरच्या कडेला तो फरक जवळजवळ दुप्पट होतो. असा रोटर फिरताना डुलतो आणि तुम्ही ब्रेकला पायही लावलेला नसतो तेव्हासुद्धा प्रत्येक फेरीत एकाच ठिकाणी पॅडला घासून जातो. हजारो किलोमीटर हे चालू राहिलं की तेवढा भाग पातळ होतो. मग ब्रेक दाबला की जाड-पातळ, जाड-पातळ असा भाग पॅडखालून सरकतो आणि ती थरथर हातात येते. जाडीत दोन-तीन शतांश मिलिमीटरचा फरक त्याला पुरतो. म्हणूनच नवा रोटर पहिल्या दिवशी थरथरत नाही आणि दोष रोटरच्या कंपनीवर जातो.

माझ्या गाडीचा रोटर दुसऱ्यांदा काढला तेव्हा हबचं तोंड दिसायला ठीकच होतं. बोटाने चाचपडलं तर दोन स्टडच्या (चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या बोल्टच्या) मधे नखाएवढा उंचवटा लागला. वायर ब्रशने तो हलला नाही, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने खरवडल्यावर काळपट तपकिरी पापुद्रा सुटून आला. त्याच जागी रोटरच्या आतल्या बाजूला त्याचा ठसा उमटला होता. आधी डायल गेजवर (रोटर फिरताना किती डुलतो हे काट्याने दाखवणारं माप) ०.१२ मिलिमीटर दिसत होतं. हब घासून नवा रोटर बसवला आणि काटा ०.०३ वर आला. त्यानंतर थरथर परत आलेली नाही.

तुम्ही तपासणी अशी करा. थरथर स्टिअरिंगमध्ये असेल तर बहुधा पुढच्या चाकांची, फक्त पेडलमध्ये किंवा सीटखाली जाणवत असेल तर मागची बाजूही बघा. गाडी सपाट जागी घ्या, मागच्या चाकांना अडण लावा आणि जॅकच्या भरवशावर न राहता स्टँड द्या. चाक काढल्यावर रोटरची जाडी मायक्रोमीटरने, कडेपासून साधारण १० मिलिमीटर आत, गोल फिरत आठ ठिकाणी मोजा. साधा व्हर्नियर इथे फसवतो, कारण त्याचे जबडे कडेच्या न झिजलेल्या कंगोऱ्यावर अडकतात आणि जाडी जास्त दिसते. कमीत कमी किती जाडी चालेल हे बहुतेक रोटरवरच कोरलेलं असतं. नवा २२ मिलिमीटरचा असेल तर मर्यादा बहुधा २० च्या आसपास असते, पण तुमच्या रोटरवरचा आकडाच खरा. त्याच्या खाली गेलेला रोटर बदलायचाच. कडेपर्यंत पोचलेली भेग असेल तरीही तेच. जाडी भरपूर शिल्लक असेल आणि फक्त कमी-जास्त झाली असेल, तर लेथवर फेस मारून (तोंड कापून सपाट करून) घेता येतो, मात्र फेस मारल्यानंतरही जाडी मर्यादेच्या वर राहिली पाहिजे. छोट्या गाड्यांचे रोटर आधीच बारीक असल्यामुळे मी नवीन टाकणंच पसंत करतो.

बदलताना दोन्ही बाजूंचे एकदम बदला, आणि पॅडही नवेच. जुन्या पॅडवर जुन्या रोटरचे चर उमटलेले असतात. कॅलिपर (पॅड रोटरवर दाबणारा भाग) काढल्यावर तो ब्रेक ऑइलच्या रबरी होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधून ठेवा. रोटर गंजून हबला चिकटला असेल तर पुष्कळ रोटरना आट्यांची दोन भोकं असतात. त्यांत बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळले की रोटर आपोआप पुढे सरकतो, हातोडी लागत नाही. मग हब. वायर ब्रश, पॉलिश पेपर आणि धीर. प्रत्येक स्टडच्या बुडाशी घासा, हबच्या मधल्या गोल उंचवट्याभोवती घासा, चमकतं लोखंड दिसेपर्यंत. या कामाला मी अर्धा तास देतो आणि बाकी सगळ्या कामापेक्षा हा अर्धा तास मोलाचा मानतो.

नव्या रोटरवर गंज टाळायला तेल लावलेलं असेल तर ब्रेक क्लीनरने दोन्ही तोंडं पुसा. कॅलिपरच्या सरकत्या पिना साफ करून सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा. साध्या ग्रीसने त्यांचे रबर फुगतात. पिन अडकली की एकच पॅड झिजतो आणि ते चाक तापतं. पिस्टन (पॅडला ढकलणारा कॅलिपरमधला दट्ट्या) मागे ढकलताना ब्रेक ऑइलची बाटली भरून ओसंडत नाही ना, यावर लक्ष ठेवा, कारण ते रंग खातं. मागच्या चाकांना डिस्क असेल आणि हँडब्रेक कॅलिपरमध्येच असेल, तर पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, बहुधा फिरवत आत न्यावा लागतो. हँडब्रेक बटणाचा असेल तर आधी त्याचा सर्व्हिस मोड लावा.

रोटर बसवून सगळे नट वॉशर घालून आवळा आणि डायल गेज लावा. ०.०५ मिलिमीटरच्या आत आलं की मी समाधानी. जास्त आलं तर रोटर एका स्टडने पुढे फिरवून बसवा, पुष्कळदा तेवढ्याने आकडा उतरतो. तरीही नाही उतरला तर बहुधा हब किंवा बेअरिंगच खराब आहे. शेवटी चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचने. छोट्या गाड्यांना साधारण ९० ते ११० न्यूटन-मीटर लागतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. हवेच्या गनने एक नट करकचून आणि दुसरा सैल आवळला गेला तर साफ केलेल्या हबवरही रोटर तिरका ओढला जातो. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबा. पिस्टन मागे गेलेले असतात, त्यामुळे पहिला ब्रेक थेट फ्लोअरला टेकतो.

त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर ६० च्या वेगावरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, मध्यम दाबाने पंधरा-वीस वेळा गाडी हळू करा आणि मधे मधे रोटर गार होऊ द्या. पॅडचा पातळ, एकसारखा थर रोटरवर असाच बसतो.

निगा राखण्याचं म्हणाल तर घाटातून उतरून रोटर तापलेले असताना जागेवर ब्रेक दाबून धरू नका, नाहीतर पॅडचा डाग रोटरवर चिकटतो आणि तोही थरथर देतो. शक्य असेल तिथे गाडी हँडब्रेकवर ठेवा. तापलेल्या चाकांवर पाण्याचा पाइप मारू नका. पाऊस पडल्यावर किंवा गाडी धुतल्यावर सकाळी दिसणारा तांबूस गंज मात्र निरुपद्रवी असतो, दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो. पॅडचं मटेरियल ३ मिलिमीटरवर आलं की पॅड बदला, पत्रा रोटरला घासायची वाट पाहू नका. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी.

आता रोटर काढाल तेव्हा आधी त्याच्या आतल्या बाजूला गंजाचा ठसा आहे का बघा आणि त्याचा फोटो इथे टाका. ठसा असेल तर मेकॅनिकला तोच दाखवा, आणि हब तुमच्यासमोर घासून घ्या.