एम-३ राहिलाय, क्लास कुठला लावू?

प्रश्न : मुलगा पंढरपूरला मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एम-३, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताचा तिसरा पेपर, राहिला. सोलापुरात शनिवार-रविवार क्लास चालतो, एका बॅचला ऐंशी मुलं, सत्राची फी नऊ हजार. तो म्हणतो, ऑनलाइन पॅकेज घ्या, पाच हजारांत वर्षभराचे व्हिडिओ मिळतात. मला वाटतं, समोर सर असल्याशिवाय पोरगं अभ्यास करत नाही. काय करावं?
– एक पालक, मंगळवेढा

सप्रेम नमस्कार.

या दोन्हींपैकी कशाचेच पैसे आत्ता भरू नका.

ऐंशी मुलांच्या वर्गात सर समोर असतात खरे, पण तुमच्या मुलाची वही त्यांच्या नजरेला पडत नाही. रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओत तर तो प्रश्नच येत नाही. दोन्हीकडे गणित सर सोडवतात आणि मुलगा उतरवून घेतो. उतरवताना सगळं समजल्यासारखं वाटतं, आणि पेपरला कोऱ्या पानावर हात अडतो.

एम-३ मध्ये हात कुठे अडतो, ते सांगतो. लाप्लास ट्रान्सफॉर्म या धड्यातला इन्व्हर्स, म्हणजे उलटं रूप, काढायचाय, अंशात १ आणि छेदात एस² + ४एस + १३ आहे. याचं (एस + २)² + ९ करायचं आणि मग सूत्र लावायचं. सूत्र बहुतेकांना पाठ असतं. गाडी अडते ती पूर्ण वर्ग करताना, म्हणजे दहावीच्या बीजगणितात. कुणी तिथून पुढे जातो, पण शेवटी ३ ने, म्हणजे त्या ९ च्या वर्गमुळाने, भागायचं विसरतो. अशा मुलाला लाप्लास पहिल्यापासून पुन्हा शिकवला तरी चूक जागच्या जागी राहते. तेच कुणी शेजारी बसून त्याची एकेक ओळ पाहिली, तर ती लगेच सापडते.

हे निव्वळ माझं मत नाही. कर्ट व्हॅनलेन या अमेरिकन संशोधकाने २०११ मध्ये शिकवणीवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. प्रत्येक पायरी तपासणारी संगणक-प्रणाली आणि एकास एक शिकवणारा माणूस, यांचा फायदा जवळपास सारखा निघाला. फक्त शेवटचं उत्तर तपासणाऱ्या प्रणालीचा फायदा त्याच्या निम्म्याहूनही कमी होता. पायरी तपासली जाते का, यावर बरंच काही ठरतं.

म्हणून आधी विद्यापीठाकडे उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी अर्ज करायला सांगा. प्रत हातात आली की कुठल्या प्रश्नात गुण गेले ते कळतं. ती घेऊन त्याने कॉलेजच्या ट्युटोरियलला जावं. एम-३ ला टाइमटेबलमध्ये ट्युटोरियलचा तास असतो, छोट्या बॅचचा, आणि तो फीमध्येच धरलेला असतो. आपली मुलं त्या तासाला कँटीनमध्ये बसतात किंवा असाइनमेंट उतरवतात, याचं मला फार वाईट वाटतं. समोरासमोरची शिकवणी हवी, तर ती तिथे आहे. राहिलेल्या विषयाचा मुलगा सरांपुढे जायला लाजतो. पहिल्या वेळी मित्राला बरोबर घेऊन जाऊ दे.

तरीही बाहेरची मदत लागली, तर ऑनलाइन घ्या, पण एकास एक, आणि एक-दोन महिन्यांपुरती. पंढरपूर-सोलापूर सत्तरेक किलोमीटर आहे. दर शनिवार-रविवारी एसटीत जाणारे तास सरावाला मिळतील. मोबाइल स्टँडला लावून कॅमेरा वहीवर ठेवायचा, चेहऱ्यावर नाही. मुलगा लिहितोय आणि सर पाहतायत, असा तास हवा. एखादा विषय मुळातून पुन्हा ऐकायचा असेल, तर एनपीटीईएलची, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाची, व्याख्यानं यूट्यूबवर फुकट आहेत. पाच हजार कशाला?

तुमच्या शंकेतही तथ्य आहे. काही मुलं पडद्यासमोर एकटी टिकत नाहीत. कॅमेरा बंद, म्यूट, आणि खाली दुसरं ॲप चालू. तो तसा आहे का, हे दोन आठवड्यांत कळेल. तसा असेल, तर पंढरपुरातच पुढच्या वर्षातला एखादा हुशार विद्यार्थी किंवा निवृत्त प्राध्यापक शोधा, जो चार-पाच मुलांना घेऊन बसतो. ऐंशीच्या बॅचला तरीही पाठवू नका. ड्रॉइंगसारखा विषय असता तर मी पहिल्यापासून समोरासमोरच म्हटलं असतं, कारण तिथे पेन्सिल कशी चालते तेही पाहावं लागतं.

कुठेही पैसे भरण्याआधी एक तास चाचणी म्हणून घ्या आणि नंतर मुलाला एवढंच विचारा : आज तू किती गणितं स्वतः सोडवलीस, आणि त्यातली किती सरांनी पाहिली? छायाप्रतीच्या अर्जाला मुदत असते आणि ती थोडीच असते, तेव्हा ते काम या आठवड्यातच उरकून घ्या.