प्रायोजक दुसऱ्या वर्षी का फिरकत नाहीत?

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: देवगड तालुक्यातलं मंडळ, डिसेंबरात मॅटवरची कबड्डी स्पर्धा, प्रायोजक मिळतात पण पुढच्या वर्षी फोन उचलत नाहीत. दर कमी करून हे सुटणार नाही. चषक वाटले की अकरा महिने गप्प आणि नोव्हेंबरात पावतीपुस्तक घेऊन दारात, असं झालं की देणारा ती वर्गणीच समजतो. वर्गणी एकदा देऊन सुटका करून घेतात.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो स्पर्धेनंतरच्या पंधरा दिवसांत. दोन पानांचा अहवाल न्या, आणि हातात द्या. त्यात प्रायोजकाचा फलक स्पष्ट दिसेल असे चार-पाच फोटो, संघ किती आले, थेट प्रक्षेपण किती जणांनी पाहिलं, वर्तमानपत्रातलं कात्रण, जमाखर्च. कबूल केलेलं एखादं काम राहिलं असेल तर तेही लिहा. गर्दीचा आकडा फुगवू नका. मालक स्वतः अंतिम सामन्याला खुर्चीत बसलेला असतो.

मागायची वेळ धंदा बघून ठरवा. आंबा बागायतदार डिसेंबरात मोहोर आणि फवारणीच्या खर्चात असतो. त्याच्याशी हंगामाचा हिशोब झाल्यावर, जूनमध्ये बोला. ट्रॉलरवाल्यांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद, ऑगस्टात डिझेल-जाळ्यांचा खर्च, ऑक्टोबर बरा. होमस्टेवाल्यांना दिवाळीआधी गाठा. चाकरमानी उद्योजक गणपतीत घरी भेटतात, पण तेव्हा पैसे काढायला लावू नका, अहवाल दाखवा आणि मुंबईची वेळ मागून घ्या.

पहिलं वर्ष नीट गेलं तरच तीन वर्षांचं पत्र करा. समजा वर्षाला २५,००० रुपये: १५,००० स्पर्धेआधी, १०,००० अहवाल दिल्यावर. तीन वर्षं दर तोच, आणि त्याच धंद्यातला दुसरा प्रायोजक घेणार नाही हे लेखी. एका रंगविक्रेत्याच्या फलकाशेजारी दुसऱ्या रंगविक्रेत्याचा फलक लागला की दोघेही जातात. स्पर्धा रद्द झाली तर रकमेचं काय, तेही त्याच पत्रात हवं. एकाच प्रायोजकावर खर्चाच्या ४० टक्क्यांहून जास्त भार नको, तो गेला तर स्पर्धाच बसते. संघांची राहण्याची सोय, बर्फ, सरबत अशी वस्तुरूप मदतही किंमत लावून नोंदवा.

फलकाबाबत दोनच गोष्टी: लोगोची मूळ फाइल मागा, व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो मोठा केला की फुटतो, आणि छापण्याआधी फोन नंबर मालकाकडून तपासून घ्या.

पैसे मंडळाच्या खात्यावरच घ्या. बागायतदाराचं शेती उत्पन्न करमुक्त, त्याला बिलाचं फार पडलेलं नसतं. कॅनिंगवाला किंवा दुकानदार मात्र हा जाहिरातखर्च दाखवणार; एका दिवसात १०,००० रुपयांवर रोख दिलेला खर्च त्याला सहसा वजा मिळत नाही. कंपनीकडे जाताना ‘सीएसआरमधून (कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) द्या’ म्हणू नका. प्रसिद्धीच्या बदल्यात दिलेलं प्रायोजकत्व त्यात धरत नाहीत; विषय त्यांच्या जाहिरात विभागाचा.

कार्यकारिणी बदलली की जुना आणि नवा सचिव दोघांनी मिळून प्रत्येक प्रायोजकाकडे एक फेरी मारावी, पत्राची प्रत घेऊन.