बुडबुडे थांबले म्हणजे बीअर झाली असं नसतं

नको रे, या रविवारी बीअर बाटल्यांत भरू नकोस. तू लिहिलंयस ते असं, की घरी आंबवलेली ५ गॅलनची पेल एल (फिकट रंगाची बीअर), सुरुवातीचं रीडिंग १.०५२, यीस्ट यूएस-०५ (पाकिटातलं कोरडं यीस्ट), बादली बेसमेंटमध्ये, नवव्या दिवशी एअरलॉक (झाकणावरची गॅस बाहेर सोडणारी नळी) गप्प झाला, हायड्रोमीटर (किती साखर उरली ते घनतेवरून सांगणारी तरंगती काचेची नळी) १.०१८ म्हणतोय आणि दिवाळीच्या पार्टीला बीअर हवीय. घाई समजते, पण ते १.०१८ बघून मलाच धडकी भरली.

पहिलं म्हणजे एअरलॉककडे बघत बसणं सोड. बादलीच्या झाकणातून जरा जरी गॅस निसटत असला तर एअरलॉक मेल्यासारखा पडून राहतो, आणि उलट हीटिंग चालू होऊन खोली तापली की बीअरमध्ये मुरलेला गॅस सुटतो आणि काम कधीच संपलेलं असलं तरी बुडबुडे येतात. मी नवीन असताना स्टूल टाकून बुडबुडे मोजायचो, बायको अजून चिडवते त्यावरून.

आता हिशोब. यूएस-०५ सुरुवातीच्या रीडिंगचा १.००० च्या वरचा भाग साधारण ७५ ते ८० टक्के खाली नेतं, म्हणजे तुझी बीअर १.०१०-१.०१३ च्या आसपास थांबायला हवी (रेसिपीत क्रिस्टल माल्ट, म्हणजे यीस्टला पुरती न पचणारी साखर असलेलं धान्य, भरपूर असेल तर थोडी वर). म्हणजे निदान पाच-सहा पॉइंट (शेवटच्या आकड्यातला एक म्हणजे एक पॉइंट) अजून बाकी आहेत. बंद बाटलीत एक पॉइंट आटला की साधारण अर्धा व्हॉल्यूम गॅस तयार होतो (बीअरच्या आकारमानाइतका गॅस म्हणजे एक व्हॉल्यूम). पेल एलला एकूण अडीच व्हॉल्यूम पुरतात आणि तेवढ्याची सोय तू प्रायमिंग शुगरने (बाटलीत गॅस व्हावा म्हणून भरताना घालायची साखर) करणारच आहेस, त्यावर हे अडीच-तीन आणखी. साधी बाटली एवढं सोसत नाही.

माझी दुसरी बॅच अशीच भरलेली, १.०२० ला. कोटांच्या कपाटात ठेवलेली, तिसऱ्या आठवड्यात रात्री अडीचला धाडकन आवाज, आम्हाला वाटलं कोणी खिडकी फोडली. काचेचा तुकडा कपाटाच्या दाराच्या लाकडात रुतून बसलेला. उरलेल्या बाटल्या स्की गॉगल, जाड जॅकेट आणि ओव्हनचे हातमोजे घालून एकेक करून फ्रीजमध्ये नेल्या आणि गार झाल्यावर सिंकमध्ये उघडल्या. त्या कोटांना मार्चपर्यंत वास होता.

तुझ्या केसमध्ये मला बेसमेंटचा संशय आहे. बादलीला थर्मामीटरची पट्टी चिकटवून बघ, १५ डिग्रीच्या खाली असेल तर यीस्ट पांघरूण घेऊन झोपलंय. म्हणूनच "तीन दिवस रीडिंग सेम आलं की भर" हा सल्ला अर्धाच आहे, झोपलेल्या यीस्टचं रीडिंगही सेमच येतं. बादली वर २० डिग्रीच्या खोलीत आण, हलकेच गोल फिरव म्हणजे तळाचं यीस्ट उठेल, झाकण उघडू नकोस. पाच दिवसांनी रीडिंग घे, मग तीन दिवसांनी परत. दोन्ही सेम आणि १.०१३ किंवा खाली, तरच भर.

तरी शंका असेल तर एक कपभर बीअर छोट्या बाटलीत काढ, त्यात चिमूटभर कोरडं यीस्ट टाक, झाकण सैल ठेव आणि ओट्यावर उबेला ठेव. दोन-तीन दिवसांत ती जिथे थांबेल तो बॅचचा तळ समज.

रीडिंग घेताना हायड्रोमीटर बोटांनी गरकन फिरव, त्याला चिकटलेले बुडबुडे त्याला वर उचलतात आणि आकडा चढा येतो. मोजलेला नमुना परत बादलीत ओतू नकोस, पिऊन टाक. पण पिण्याआधी नमुन्याचा कप गरम पाण्यात धरून वास घे, लोण्यासारखा वास आला तर डायअॅसिटिल (आंबताना तयार होणारा, यीस्ट नंतर साफ करतं तो पदार्थ) उरलंय, आणखी दोन-तीन दिवस यीस्टला तिथेच राहू दे. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर मोजणारं यंत्र) वापरत असशील तर अल्कोहोल झाल्यावर त्याचा आकडा सरळ धरायचा नसतो, करेक्शन लागतं. आणि ड्राय हॉपिंग (वासासाठी न उकळता हॉप्सची फुलं बीअरमध्ये टाकणं) करणार असशील तर त्यानंतर पुन्हा मोज, हॉप्समधल्या एन्झाइममुळे थांबलेली बीअर परत चालू होते, त्यात मीही फसलोय.

(पुण्याहून भाच्याने विचारलं म्हणून, महाराष्ट्रात लायसन्सशिवाय घरी बीअर करणं गुन्हा आहे, हे सगळं इथे अमेरिकेत चालतं.)

भरशील तेव्हा एक बाटली सोड्याच्या प्लॅस्टिकची घे आणि रोज दाबून बघ. दगडासारखी लागली की बाकीच्या सगळ्या त्याच दिवशी फ्रीजमध्ये. दिवाळीला जमलं नाही तर दुकानातून बीअरचा एक खोका आण.